आधी शपथ, मागाहून सोहळा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी ऐकावे, अशी रीत आहे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते कामगारांच्या सभांत, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या आवारात तारखेची वाट पाहताना झाले. म्हणून विषयही आम्ही आमच्या आवाक्यातला घेतला आहे. तो लग्नाचा आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने लग्नावर काय बोलावे, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, कामगाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या कर्जाच्या हप्त्याचा माग काढीत गेले, तर तो पुष्कळदा एखाद्या लग्नाच्या मांडवापाशी जाऊन थांबतो. ज्याला मजुरीचा इतिहास लिहावयाचा आहे त्याला लग्नाचा इतिहास वगळून चालत नाही.

अलीकडे आपल्याकडे एक चाल दिसू लागली आहे. मुलगा-मुलगी चार माणसांच्या साक्षीने साधेपणाने लग्न करतात. रजा नसते, पैसा नसतो, घरात नुकतेच कोणी गेलेले असते, किंवा दोन्ही घरांचे एकमत नसते. मग वर्षा-दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, सगेसोयरे जमवून ती दोघे पुन्हा एकमेकांना हार घालतात, पुन्हा वचने देतात आणि मंडळी जेवून जातात. वडीलधारी म्हणतात, एकदा झालेले लग्न पुन्हा लावणे हा पोरखेळ आहे. काही शहाणे म्हणतात, हे साहेबाचे खूळ आहे. आमचे म्हणणे असे की, शपथ आधी आणि सोहळा मागाहून ही वाट आपल्या समाजाला नवी नाही. ती गरिबांनी फार पूर्वी पाडलेली आहे. आणि जेथे जेथे शपथ आणि सोहळा यांची गाठ अशी घट्ट बांधली गेली की सोहळ्यावाचून शपथच खोटी ठरावी, तेथे तेथे माणूस गुलाम झाला. हे आज इतिहासाच्या आधाराने आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

लग्नात वास्तविक दोन गोष्टी असतात. एक वचन, ते दोघांचे असते आणि त्याला दोन-चार साक्षी पुरतात. दुसरी जाहीरनामा, म्हणजे हे वचन झाले असे गावाला कळविणे. मांडव, वाजंत्री, जेवणावळ, आहेर हे सारे जाहीरनाम्यात मोडते. ज्या काळी कागद नव्हता, दाखला नव्हता, त्या काळी गावाची आठवण हेच दप्तर होते आणि गावजेवण ही त्या दप्तरातली नोंद होती. म्हणून जेवणावळीला नुसता डामडौल म्हणून नाक मुरडणे बरोबर नाही. तिच्यामागे व्यवहार होता.

हे दोन भाग वेगळे आहेत हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. कोकणी मुसलमान घरांत निकाहाला दोन साक्षी, उभयतांची कबुली आणि मेहर एवढे लागते. जेवण देण्याचा वलीमा हा त्यानंतरचा स्वतंत्र विधी आहे आणि तो ऐपतीप्रमाणे करावा असे धर्म सांगतो. ब्राह्मणांच्या घरी होम आणि सप्तपदी एका बाजूला चालते आणि पंगतीची घाई दुसऱ्या बाजूला. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही, पण तिचा आणि जेवणाच्या खर्चाचा काही संबंध नाही. रेवदंड्यापलीकडच्या कोर्लईत कॅथलिक वस्ती आहे. त्या पंथात लग्नाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली म्हणजे जोडपे चर्चमध्ये जाऊन आपली वचने पुन्हा उच्चारते. त्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही.

मग हे दोन भाग एकमेकांत इतके गुंतले कसे? याचे एक उत्तर आपल्याच गावाशी बांधलेले आहे.

भट घराणे श्रीवर्धनचे. देशमुखीचे वतन सांभाळणारे हे कुटुंब सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले आणि त्यांतले बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. त्यानंतर बरोबर सत्तर वर्षांनी, १७८३ साली, त्याच घराण्यातले सवाई माधवराव यांचे थत्त्यांच्या रमाबाईंशी पुण्यात लग्न लागले. नवरदेव अजून दहा वर्षांचेही झाले नव्हते. त्या लग्नाच्या व्यवस्थेबद्दल नाना फडणिसांनी लिहून काढविलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत. कोणाला कसे बोलवावे, कोणाचा मान कोठे राखावा, पंगतीत काय नि कसे वाढावे, यांतली एकही गोष्ट सुटलेली नाही. राज्यकारभार म्हणून पाहिले तर ते योग्यच होते. नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेला हा पेशवा खरा धनी आहे, हे सरदारांना आणि शत्रूंना दाखवावयाचे होते. ते लग्न म्हणजे दरबार होता.

अडचण अशी झाली की दरबाराची नक्कल वाड्याने केली, वाड्याची नक्कल वतनदाराने केली, आणि वतनदाराची नक्कल करण्याची सक्ती कुळावर आली. पेशवाई १८१८ साली बुडाली. तिच्या फौजा गेल्या, तोफा गेल्या. लग्नाचा थाट मात्र राहिला. ज्याच्याजवळ दाखविण्यासारखे राज्य नव्हते त्यानेही दरबार भरवावयाचा, अशी रूढी पडली.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. गरीब लोक लग्नात पैसे उधळतात म्हणून कर्जबाजारी होतात, असे सुखवस्तू माणसे फार दिवसांपासून म्हणत आली आहेत. १८७५ साली सुप्याला सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर सरकारने जी चौकशी समिती नेमली तिच्यापुढेही हाच मुद्दा आला. समितीने काय म्हटले ते आमच्या गिरण्यांतल्या पुढाऱ्यांनी पाठ करावे असे आहे. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा तिचा निष्कर्ष होता. तो खर्च मोठा खरा. परंतु कर्जाचे मूळ बहुधा तेथे नसते. बी-बियाणे, पोटगी, सारा अशा रोजच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गरजांत ते असते. ज्याची मिळकतच पुरत नाही त्याला एक लग्न बुडविते. ज्याची पुरते त्याला ते बुडवीत नाही.

मुंबईच्या कामगाराचीही तीच कथा. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असा त्यात अंदाज आहे. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या बाजूचा चाकरमानी त्या आकड्यांत आलाच. गावी लग्न काढावयाचे, मुंबईत पठाणाकडून उचल करावयाची आणि पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्याच पठाणाच्या हातावर निम्मा पगार ठेवावयाचा, असा तो फेरा होता.

पण कर्जाची खरी शेवटची पायरी पाहावयाची असेल तर आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात गेले पाहिजे. तेथील वारल्यांत एक शब्द होता : लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबावयाचे. राबावयाचे ते एकट्याने नव्हे, ज्या बायकोसाठी पैसे घेतले तिनेही. हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि वारल्याला अक्षर येत नाही. त्यामुळे शे-दोनशे रुपयांचे कर्ज आयुष्यभर फिटत नसे आणि बापामागे मुलगाही त्यात अडकत असे. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत या पद्धतीचे वर्णन आले आणि १९३९ साली ते छापले गेले. सरकारला ठाऊक झाले. वारली मात्र होता तेथेच राहिला.

त्याला सोडविले ते त्याच्या संघटनेने. किसान सभेची परिषद जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास भरली. तेथे गेलेले काही वारली परत येऊन बोलू लागले आणि त्याच वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही, मजुरीवाचून काम करावयाचे नाही, असे तेथे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर गावोगाव हिंडले आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेविले आहे. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा व्हावयास १९७६ साल उजाडले. म्हणजे वारल्यांनी जे हाताने मोडले ते कागदावर मोडण्यास आणखी तीस वर्षे लागली. आणि कागदावर मोडलेले सारेच प्रत्यक्षात मोडते असेही नाही. आपल्या रायगडातल्या कातकऱ्यांची वीटभट्टीवरची उचल कित्येकदा लग्नाच्या निमित्तानेच घेतलेली असते, हे भट्टीवर जाऊन विचारणाऱ्याला आजही ऐकावयास मिळेल.

आता याची दुसरी बाजू पाहा. ज्या वारल्याला लग्नगडी व्हावयाचे नव्हते तो काय करी? तो लग्नविधी लांबणीवर टाकी. दोघे एकत्र राहू लागत, घर करीत, मुले होत. आणि पुढे कधी हाताशी धान्य-पैसा आला म्हणजे धवलेरीला बोलावून, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक लिहवून, सगळ्या पाड्यासमक्ष रीतसर लग्न लावून घेत. आपली मुले मांडवात खेळत असताना आईबापांचे लग्न लागे. आपल्या कोळीवाड्यातली धवलारीण आणि वारल्यांची धवलेरी या एका मुळीच्या दोन डहाळ्या दिसतात. त्या बाईने नवराबायकोला कधी विचारले नाही की, इतकी वर्षे कोठे होता?

आज जो प्रकार शहरात नवा म्हणून सांगितला जातो तो हाच आहे. आधी संसार, मागाहून सोहळा. फरक एवढाच की वारल्याने तो हौसेने केला नाही, कर्ज टाळण्यासाठी केला.

मात्र या वाटेत एक खड्डा आहे आणि तो बाईच्या पायाखाली आहे. झारखंडातल्या मुंडा, उरांव वगैरे लोकांत गावजेवण देण्याची ऐपत नसलेली जोडपी अशीच एकत्र राहतात. अशा घरात आलेल्या बाईला ‘धुकू’ म्हणतात. जेवण दिले नाही म्हणून गाव तिला सून मानीत नाही. अनेक ठिकाणी तिला मालमत्तेत वाटा नाही आणि मेल्यावर गावाच्या दफनभूमीत जागा नाही. मुलांचे लग्न निघाले म्हणजे अडते, कारण आईबापांचेच झालेले नसते. अलीकडे तेथे सामुदायिक विवाह होतात आणि नातवंडे असलेली माणसे त्यांत नवरा-नवरी म्हणून बसतात. यावरून काय दिसते? सोहळा मागाहून केला म्हणून बिघडत नाही. पण सोहळा होईपर्यंत शपथच धरावयाची नाही असे गावाने ठरविले, तर त्या मधल्या वर्षांचा सगळा भार बाईवर पडतो.

म्हणून शपथ स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे. महाराष्ट्रात हे काम प्रथम सत्यशोधकांनी हाती घेतले. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर. भटजी नाही, मुहूर्ताचा बडेजाव नाही, कर्ज नाही. या लग्नातला खर्चाचा भाग लोकांना आठवतो. परंतु आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. सत्यशोधक पद्धतीत जोतीरावांनी वधूवरांच्या तोंडी मराठी वचने घातली. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि ते हक्क मिळवून देण्यासाठी झटण्याची शपथ वर घेतो. जोपर्यंत वचन दुसऱ्याच्या तोंडून, न समजणाऱ्या भाषेत उच्चारले जात होते तोपर्यंत लोकांचे लक्ष साहजिकच जेवणाकडे होते. वचन समजू लागल्याबरोबर लग्नाचा मध्य पंगतीतून उठून पाटावर आला.

त्यानंतर वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला होता. म्हणजे सरकारच्या लेखी त्यात वावगे काही नव्हते. परंतु कर्वे मूळचे मुरूडचे. बाणकोटची खाडी ओलांडून दापोली तालुक्यात शिरले की ते गाव लागते. नवे जोडपे गावी गेले तेव्हा गावाने सभा भरविली आणि बहिष्काराचा ठराव केला. त्याची झळ घरच्या माणसांनाही लागली. कायदा होता, वचन होते, पण साक्षीला यावयास गाव तयार नव्हते. पुढे तेच कर्वे १९५८ साली भारतरत्न झाले, साऱ्या देशाने त्यांची शताब्दी साजरी केली. तोपर्यंत बाया कर्वे या जगात राहिल्या नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या. ज्या लग्नाला गावाने तोंड फिरविले त्या लग्नाचा सन्मान व्हावयास साठ-पासष्ट वर्षे लागली आणि तो पाहण्यास दोघांतले एकच उरले. उशिरा होणारा सोहळा नुसती हौस नसतो. कधी कधी तो समाजाकडून येणे असलेली बाकी असते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आजच्या काळात गावाच्या आठवणीची जागा कागदाने घेतली आहे. म्हणून कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. लोक त्यात फार घोटाळा करतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या देखत, दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचे तोंडाने उच्चारले की लग्न झाले. तेथे दुसऱ्या कोणत्याही विधीची गरज नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे तसे नाही. तेथे आधी दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे. नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद असते, ती स्वतः लग्न नव्हे. एका जोडप्याने २०२१ साली नुसता संस्थेचा दाखला घेऊन नोंदणी केली. विधी आणि समारंभ घरच्यांनी पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरवर ठेवले. मध्येच बेबनाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निकाल दिला की, विधीच झाला नाही तेव्हा हे लग्नच नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने असेही बजाविले की, लग्न हा नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा किंवा हुंड्याच्या देवघेवीचा प्रसंग नाही. म्हणजे लहान लग्न हे लहान असले तरी पुरते असावे लागते. पुढे मोठे करूच, म्हणून आधीचे अर्धवट ठेवले तर दोन्ही जातात.

याचा अर्थ आमच्या संघटनेकडे आलेल्या एका प्रकरणात आम्ही जवळून पाहिला. नावे सांगण्याचे कारण नाही. एक तरुण कामगार. देवळात पाच माणसांसमोर लग्न लावून बायकोला घरी घेऊन आला. घरचे म्हणाले, ‘हे तात्पुरते, खरे लग्न वैशाखात थाटाने करू.’ सगळ्यांनी तसेच धरले. देवळातल्या लग्नाची नोंद केली नाही, आणि फंडाच्या कागदावर बायकोचे नाव लावावयाचे तेही वैशाखावर ढकलले. वैशाखाच्या आधीच तो कामावर अपघातात गेला. तेराव्यानंतर घरचेच म्हणू लागले की, लग्न व्हावयाचे होते, झाले नव्हते. त्या मुलीजवळ दाखवावयास एक फोटो आणि देवळातल्या पुजाऱ्याची आठवण एवढेच होते. पुष्कळ खेपा घातल्यावर तडजोड झाली आणि तिच्या हाती काही रक्कम आली. पण जिने नवरा गमावला तिला आपण बायको होतो हे सिद्ध करीत वर्ष काढावे लागले. त्या घरातली माणसे वाईट नव्हती. त्यांनी सोहळ्याला लग्न समजले आणि शपथेला तयारी समजली, एवढेच.

सोहळा पुढे ढकलण्याची पाळी माणसावर हौसेने क्वचितच येते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. त्या दोन वर्षांत चाकरमान्यांच्या घरी लग्ने झाली ती घरातल्या घरात. दाराला आंब्याचा डहाळा, आलेल्याच्या हातावर गूळखोबरे, आणि संध्याकाळी नवरदेव पुन्हा युनियनच्या सभेला. ‘संप मिटला की जेवण घालू’ असे तेव्हा सांगितले जाई. तो संप मिटल्याचे कोणी अधिकृतपणे कधी जाहीर केलेच नाही. ती जेवणे राहून गेली. संसार मात्र झाले, आणि थाटाने झालेल्या लग्नांच्या संसारांहून ते काही कमी टिकले नाहीत.

आपल्या गावाने हे पुन्हा पाहिले ते २०२० साली. करोनाच्या साथीमुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी खाली उतरली आणि मोडणाऱ्याला पन्नास हजार रुपये दंड लागला. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. घरांची कौले-पत्रे गेले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. लग्न ठरले म्हणजे ‘सुपारी फुटली’ असे आपण म्हणतो; त्या वर्षी सुपारीचे झाडच उरले नाही अशी घरे या गावात होती. पोफळ लावल्यापासून धरावयास सहा-सात वर्षे घेते. म्हणजे ज्यांचे उत्पन्न त्या दिवशी पडले ते काल-परवापर्यंत उभे राहत होते. त्या काळात लागलेली लग्ने पंचवीस-पन्नास माणसांत लागली. १ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले आणि मग कोणी वर्षाने, कोणी चार वर्षांनी, हातात चार पैसे आले तेव्हा मंडळींना बोलावले. अशा जोडप्याने मुलाला कडेवर घेऊन पुन्हा हार घातला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? वारल्यांच्या मांडवात हेच होत होते.

आणि धर्मशास्त्राचा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या घरातल्या साठीशांतीची आठवण करावी. साठ वर्षे पुरी झाली की नवराबायको पुन्हा पाटावर बसतात. पुष्कळ घरांत पुन्हा हार घालतात. तामीळनाडूत तिरुक्कडैयूर म्हणून क्षेत्र आहे. तेथे साठी आणि ऐंशी गाठलेली जोडपी जाऊन पुन्हा ताळी बांधतात. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन आहे. एकदा घेतलेले व्रत पुन्हा उच्चारल्याने पहिले खोटे ठरत नाही. ते पाळले गेले याची ती पावती असते. आमच्या चळवळीत दर वर्षी १ मे रोजी तीच प्रतिज्ञा पुन्हा घेतात. त्यामुळे आदल्या वर्षीची रद्द होते असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

किंबहुना दुसऱ्या वेळच्या वचनाला एक वजन अधिक असते. पहिल्या वेळी दोघे जे बोलतात ते न पाहिलेल्या रस्त्याबद्दल बोलतात. दुसऱ्या वेळी त्यांनी एकमेकांचे आजारपण पाहिलेले असते, बेकारी पाहिलेली असते, रिकामा डबा पाहिलेला असते. तेव्हा ‘होय’ म्हणणारा माणूस कशाला होय म्हणतो आहे हे जाणून म्हणतो. असे वचन ऐकण्यासाठी मंडळी जमली तर ती जमावीच. त्यात तरुण पोरांनी शिकण्यासारखे आहे.

तेव्हा या मोठ्या सोहळ्यास आमचा विरोध नाही. आमचा आग्रह तीन गोष्टींचा आहे. पहिले लग्न कितीही लहान असो, ते पुरते लावा, त्याची नोंद त्याच महिन्यात करा आणि फंडाच्या, ग्रॅच्युइटीच्या, विम्याच्या कागदांवर जोडीदाराचे नाव त्याच वेळी लावा. दुसरे, मागाहूनचा सोहळा साठविलेल्या पैशांतून करा, उचल घेऊन नव्हे; बचत गटाचा वा पतपेढीचा हप्ता नवरानवरीच्या आधी मांडवात शिरता कामा नये. १९६१ च्या कायद्याने बंद केलेला हुंडा ‘राहिलेला मान’ म्हणून या दुसऱ्या सोहळ्यात मागणारे लोकही निघतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. तिसरे, त्या दिवशी वचने दोघांनी आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत, साऱ्यांना ऐकू जातील अशी बोलावीत. जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वी घालून दिलेली ही रीत अजून आपल्यापैकी फार थोड्यांनी उचलली आहे.

आणि गावाकडे एकच मागणे आहे. जोडप्याने सोहळा केला तर जेवावयास अवश्य जा. नाही केला, कधीच केला नाही, तरी त्या घरातल्या बाईला पहिल्या दिवसापासून सून म्हणा. तेवढ्याला खर्च पडत नाही, आणि ते न केल्यामुळे किती जणींचे काय झाले याचा हिशेब आज आपण पाहिलाच आहे.